आधी जोड सांग

न्यूकॅसल (ऑस्ट्रेलिया), रविवार सकाळ

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं डॅनी ग्रीन या मुष्टियोद्ध्यावरून वाजलं आणि माझी ड्यूटीची वेळ झाली म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. रात्रपाळी करून आत्ताच घरी आले, पण डोळ्याला डोळा लागेना. म्हटलं, लिहूनच काढावं.

तुझं म्हणणं असं, की लाइट हेवीवेटमध्ये, म्हणजे 79 किलोच्या वजनगटात, ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात मोठा मुष्टियोद्धा ग्रीनच, कारण त्याच्याकडे जगज्जेतेपदाचा बेल्ट होता आणि डेव्ह सँड्सकडे कधीच नव्हता. पर्थमध्ये राहून तू पर्थच्या माणसाची बाजू घेतोस, त्याचा मला राग नाही. पण बेल्ट मोजून माणसाचं मोठेपण ठरवायचं, हे मला पटत नाही. तुझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. अमक्याने कुस्ती मारली असं कुणी येऊन सांगितलं, की ते आधी विचारायचे, "जोड कुणाशी होती?" मला वाटतं, वेगवेगळ्या काळातले मुष्टियोद्धे एका रांगेत उभे करायचे तर हाच प्रश्न घेऊन बसावं लागतं.

ग्रीनने 16 डिसेंबर 2007 ला पर्थमध्ये स्टीपे ड्रेव्सला हरवून डब्ल्यूबीए या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचा बेल्ट घेतला. ड्रेव्स उंच, डावखुरा माणूस, त्याच्याशी खेळणं सोपं नव्हतंच. पण पुढच्या काही महिन्यांत, एकदाही तो बेल्ट राखायला रिंगमध्ये न उतरता, ग्रीन निवृत्त झाला. नंतर परत आला आणि 2009 मध्ये एके काळचा जगज्जेता रॉय जोन्स याला पहिल्याच फेरीत लोळवलं, तू मला नेहमी तेच दाखवतोस. ती लढत वरच्या वजनाची होती रे, आणि जोन्सचा बहर तोवर ओसरला होता. ग्रीन शूर आहे, दणकट आहे. पण लाइट हेवीवेटमध्ये त्याला मी पहिला नंबर देणार नाही.

खऱ्या अर्थाने या वजनाचा जगज्जेता म्हणजे ग्राफ्टनचा जेफ हार्डिंग. 24 जून 1989, अटलांटिक सिटी. डॉनी लालोंदच्या जागी ऐनवेळी बोलावलेला हा 24 वर्षांचा पोरगा, समोर लंडनचा, तेव्हाचा जगज्जेता डेनिस अँड्रीझ. पाचव्या फेरीत हार्डिंग खाली पडला. डोळ्याच्या वरची कातडी फाटली. मी नर्स आहे, ते दृश्य बघताना मला घरात बसवेना. भुवईच्या कातडीखाली लगेच हाडाची धार असते. ठोसा बसला की कातडी आतून त्या धारेवर चिरली जाते. तिथे रक्तवाहिन्या दाट, त्यामुळे रक्त थांबत नाही आणि थेट डोळ्यात उतरतं, म्हणजे समोरून येणारा हात दिसतच नाही. कोपऱ्यातल्या माणसाला मिळतं फक्त एक मिनिट. तेवढ्यात पुसायचं, अॅड्रेनालिनचा बोळा जखमेत दाबून धरायचा आणि वर पोराला धीरही द्यायचा. हार्डिंगच्या कोपऱ्यात प्रशिक्षक जॉनी लुइस होता, जगज्जेत्या जेफ फेनेकला घडवणारा. आणि शेवटच्या, बाराव्या फेरीत हार्डिंगनेच अँड्रीझला असं कोंडलं की पंचाला लढत थांबवावी लागली. ती फेरी मी किती वेळा पाहिली असेल!

त्याची जोड बघ. 1990 मध्ये मेलबर्नला त्याच अँड्रीझने त्याला नॉकआउट केलं, 1991 मध्ये लंडनला जाऊन, त्याच्याच घरात, याने बेल्ट परत आणला. 1994 मध्ये तो हरला तो माइक मॅककॅलमसारख्या नामवंताकडून. सगळ्या कारकिर्दीत फक्त या दोघांशी हरला. या वजनात ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा विजेता हार्डिंग, हे मी लिहून देते.

पॉल ब्रिग्जला मात्र विसरू नकोस. 2005 आणि 2006 मध्ये टोमाश अदामेकशी जगज्जेतेपदासाठी दोनदा भिडला, दोन्ही वेळा गुणांवर थोडक्यात हुकला. आणि टोनी मंडीन! मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत चार वजनांत खेळला, 1975 मध्ये कॉमनवेल्थचा (ब्रिटिश राष्ट्रकुलाचा) लाइट हेवीवेट विजेता झाला, त्याच्या आदल्या वर्षी तर ब्वेनोस आइरेसला जाऊन मिडलवेटचा जगज्जेता साक्षात कार्लोस मोन्झोन, त्याच्यापुढे उभा राहिला. सातव्या फेरीत हरला, पण जोड बघशील ना?

आता सँड्स. 1926 मध्ये केम्प्सीजवळ बर्न्ट ब्रिजला जन्मलेला धनगट्टी या आदिवासी समाजाचा मुलगा. खरं आडनाव रिची, सहा भाऊ सगळे रिंगमध्ये उतरलेले. तो आपल्या या न्यूकॅसलमध्ये राहून तयार झाला. त्याचं मूळ वजन मिडलवेटचं, म्हणजे 72 किलोच्या आसपास, तरी ऑस्ट्रेलियाची मिडलवेट, लाइट हेवीवेट आणि हेवीवेट ही तिन्ही विजेतेपदं एकाच वेळी त्याच्याकडे होती. तेव्हा या तिन्हींच्या मधली वजनं नव्हती, आज आहेत तशी. चार संघटनांचे चार बेल्टही नव्हते, एका वजनाला जवळजवळ एकच जगज्जेता असायचा आणि त्याच्यासमोर उभं राहायची संधी कुणाला द्यायची ते अमेरिकेत ठरायचं. 1949 मध्ये त्याने लंडनमध्ये डिक टर्पिनला पहिल्याच फेरीत आडवं करून ब्रिटिश एम्पायरचं मिडलवेट विजेतेपद घेतलं. बोबो ओल्सनला दोनदा हरवलं, 1950 मध्ये सिडनीत आणि 1951 मध्ये शिकागोत. तोच ओल्सन 1953 मध्ये जगज्जेता झाला. सँड्सला जगज्जेतेपदाची लढत काही मिळाली नाही. 11 ऑगस्ट 1952 ला डंगॉग गावाजवळ त्याचा ट्रक उलटला आणि तो गेला. 26 वर्षांचा होता. आत्ता तू आहेस तेवढा.

म्हणून बेल्ट नाही म्हणून सँड्स लहान, असं कुणी म्हटलं की माझ्या जिवाला लागतं.

आणखी एक, आणि हे आई म्हणून आणि नर्स म्हणूनही. सँड्सच्या काळी लढतीच्या दिवशीच वजन व्हायचं. जे वजन काट्यावर, तेच रिंगमध्ये. आता मोठ्या लढतींत आदल्या दिवशी वजन होतं, म्हणून पोरं अंगातलं पाणी काढून 79 किलोत बसतात आणि रात्रीतून पुन्हा भरून घेतात. मागच्या लढतीच्या वेळी तूही दोन दिवस पाणी तोडलंस, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं. माझ्या वॉर्डात असं सुकून गेलेलं पोर आलं की त्याची शीर सापडत नाही, सुई तीनतीनदा टोचावी लागते. मेंदूभोवतीचं पाणी कमी झालेलं असताना डोक्यावर ठोसे घ्यायचे, हे मला बघवणार नाही. वजन उतरत नसेल तर वरच्या वजनात खेळ. हरलास तरी चालेल.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी सँडगेटच्या दफनभूमीत जाऊन आले. सँड्सची कबर शोधायला अर्धा तास लागला. हार नेला नव्हता, परसातली झेंडूची चार फुलं नेली होती, ती ठेवली. मागून रेल्वेगाडी गेली, डंगॉगची गाडी याच मार्गाने जाते.

ऑगस्टमध्ये रजा काढून ये. आपण त्या गाडीने डंगॉगपर्यंत जाऊ, डबा मी करते. ग्रीनची बाजू तेव्हा मांड, मी पूर्ण ऐकून घेईन.

सूनबाईला आशीर्वाद सांग.

तुझी,
आई