ड्रॉइंगच्या सरांना, जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबरला डॉ. कोटणीसांच्या स्मृतिदिनी वाचनालयात मुलांचं चित्रप्रदर्शन झालं, ते तुमच्यामुळे. समोर आभार मानले तर तुम्ही चहाचा विषय काढून उडवून लावता, म्हणून हे चारचौघांत.

'युद्ध आणि चित्रकार' या विषयाला परीक्षक हवा होता. परीक्षक व्हायला तुम्ही साफ नकार दिलात आणि हत्यारांची पेटी घेऊन शिकवायलाच आलात.

कोटणीस १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला जखमींवर उपचार करायला गेले, हे सोलापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याच काळात तिथले चित्रकार लाकडावर चित्रं कोरत होते, कारण लाकूड स्वस्त आणि एका ठशातून भरपूर प्रती निघतात, हे तुमच्याकडून कळलं. मुलांनाही तुम्ही तसंच करायला लावलंत: चपलेच्या तळव्याचं रबर, छपाईची काळी शाई, आणि प्रेसऐवजी चमच्याची पाठ. घरी यंत्रमाग असलेल्या पूर्व भागातल्या मुलींचा हात तर बघता बघता बसला.

तुमचा एक प्रश्न मात्र मुलांनी डोक्यात घेतलाय: "हे चित्र कोणी मागवलं?" १९१४ च्या पोस्टरवरचा, बोट रोखून बघणारा ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर दाखवलात. फौजेत भरती व्हा म्हणणारा. मग पिकासोचं 'गेर्निका', स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावरचं चित्र. तेही स्पेनच्या सरकारनेच १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मागवलेलं. एप्रिलमध्ये त्या गावावर बॉम्ब पडले आणि पिकासोला विषय मिळाला. एक मुलगी लगेच म्हणाली, "मग मागवणाऱ्यावरून कसं ठरवायचं?" तुम्ही खूश झालात, उत्तर काही दिलं नाहीत. (आम्ही दिलं असतं, आणि चुकलो असतो.) थेट बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद यांच्याकडे वळलात. १९४३ च्या दुष्काळात ते बंगालमधला मेदिनीपूर जिल्हा पायी फिरले, उपाशी माणसं काळ्या शाईत काढली, आणि इंग्रजांनी त्या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. बंदूक नसलेल्या माणसाची चित्रं सरकारला का जाळावीशी वाटली, यावर मुलं बराच वेळ भांडली.

मानधनाचं पाकीट तुम्ही रबर-शाईच्या खर्चात वळतं केलंत, तेही कळलं बरं का. आणि तुमचा रोलर आमच्याकडेच राहिलाय. पोरं एवढ्यात सोडतील असं दिसत नाही; घ्यायलाच या एकदा.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, सोलापूर