मदत नेमकी कुठे अडते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोठी आपत्ती आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘सगळे मिलिटरीच्या ताब्यात द्या, दोन दिवसांत काम होईल.’ जवान पुरातून माणसे कशी बाहेर काढतात, हे 2019 साली सांगली-कोल्हापूरने पाहिले आहे आणि त्याबद्दलची कृतज्ञता आम्हालाही आहे. पण सरकारच्या हुकमाखाली राबणारे लष्कर वेगळे आणि स्वतःच सरकार होऊन बसलेले लष्कर वेगळे. शेजारच्या म्यानमारमध्ये हा फरक 2008 पासून तीनदा दिसला. त्याविषयी छापून येते ते बहुतेक ‘मदत रवाना’ आणि ‘मदत दाखल’ या दोन मथळ्यांपुरतेच. त्यापुढचा प्रवास वाचकांसमोर यावा म्हणून हे पत्र.

2 मे 2008 रोजी नर्गिस चक्रीवादळ इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळले. भारतीय हवामान खात्याने 48 तास आधी म्यानमारला कळवले होते. समुद्राचे पाणी बारा फुटांपर्यंत चढले आणि सपाट खाजणातून कित्येक किलोमीटर आत घुसले. मृत आणि बेपत्ता मिळून संख्या सुमारे 1 लाख 38 हजार, बाधित 24 लाख. लबुट्टा आणि बोगले या तालुक्यांनी सर्वांत जास्त सोसले. सत्तेवर होते सीनिअर जनरल थान श्वे. 10 मे रोजी लष्कराने लिहिलेल्या राज्यघटनेवर सार्वमत ठरले होते. ते रद्द झाले नाही. वादळाने मोडलेल्या 47 तालुक्यांत ते 24 मेपर्यंत पुढे ढकलले आणि बाकी देशात ठरल्या दिवशी मतदान उरकले. प्रेते खाड्यांत तरंगत असताना सरकारी यंत्रणा मतपेट्या हलवत होती.

‘म्यानमारने परदेशी मदत नाकारली’ असे सरसकट लिहिले जाते, ते अचूक नाही. राजवटीला माल हवा होता, माणसे नको होती. 9 मेच्या सरकारी वृत्तपत्राने तसे जाहीरच केले. सोबत बचावपथक आणि पत्रकार आणले म्हणून कतारचे एक विमान परत पाठवण्यात आले. बँकॉकमध्ये संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी व्हिसासाठी ताटकळत होते. 9 मेला थायलंडमध्ये सार्वजनिक सुटी म्हणून म्यानमारचा तिथला दूतावास बंद, आणि पुढे शनिवार-रविवार. त्याच दिवशी जागतिक अन्न कार्यक्रमाने यांगूनला (रंगूनला) उतरवलेली 38 टन पौष्टिक बिस्किटे सरकारने ताब्यात घेतली. सुमारे 95 हजार लोकांना पुरेल एवढा तो माल होता. थायलंडहून आलेल्या खोक्यांवर सेनाधिकाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवून ती सरकारी दूरचित्रवाणीवर वाटताना दाखवली गेली.

माणसांवाचून माल का अडतो, हे हिशेबाने पाहिले तर लगेच ध्यानात येते. एक लाख लोकांचा एक दिवस घ्या. माणशी रोज सुमारे 450 ग्रॅम तांदूळ धरला तर 45 टन. वर डाळ, तेल, मीठ. माणशी 15 लिटर पाणी, म्हणजे 15 लाख लिटर. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर, रोज. सी-130 जातीच्या लष्करी मालवाहू विमानात साधारण 15 टन माल येतो. म्हणजे या एक लाखांच्या नुसत्या तांदळासाठी रोज तीन विमाने. आणि ती उतरणार यांगूनला. लबुट्टा तिथून बरेच दूर, शेवटचे अंतर खाडीतून. ट्रकमधला दहा टन माल धक्क्यावर उतरवून टन-दोन टन पेलणाऱ्या होड्यांत भरावा लागतो. अरुंद खाड्यांत होडी जाते ती भरतीच्या वेळीच. वेळ हुकली की पुढच्या भरतीपर्यंत माल उघड्यावर, वर मेमधला पाऊस. होड्या वादळाने फोडलेल्या, नावाडी मेलेले किंवा परागंदा, डिझेलला वेगळी परवानगी. अशा ठिकाणी कोणत्या खाडीत आता किती पाणी आहे, कोणत्या गावात किती माणसे उरली आहेत, हे रोज मोजून वायरलेसवर कळवणारी माणसे नसतील, तर माल पहिल्या सोयीच्या धक्क्यावर साचतो. परदेशी संघटनांना संपर्कसाधने आत आणायलाही वेगळी परवानगी लागत होती, आणि ती मिळायला दिवस जात होते.

पाण्याचे दुखणे आणखी खोल आहे. त्या भागात विहिरी खाऱ्या, म्हणून गावे पावसाच्या पाण्याची तळी राखून पितात. लाटेने ती समुद्राच्या पाण्याने भरली, त्यात जनावरांची आणि माणसांची प्रेते. असे तळे साफ करायचे तर आधी प्रेते काढायची, पंपाने सगळे पाणी उपसायचे, तळाचा गाळ खरवडायचा, बांध दुरुस्त करायचा आणि मग पावसाने भरू द्यायचे. हे मोसमी पाऊस पुरता लागण्याआधी उरकले तरच वर्षाचे पाणी साठते. गढूळ पाण्यात नुसत्या क्लोरीनच्या गोळ्या टाकून भागत नाही; गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू तसेच राहतात. आधी तुरटी, मग निवळू देणे, मग क्लोरीन, मग अर्धा तास थांबणे. हे गावोगाव करून दाखवणारे तंत्रज्ञ लागतात, आणि तेच व्हिसाच्या रांगेत उभे होते. शेतीचेही तेच. भाताचा पेरा जून-जुलैत. बियाणे भिजलेले, म्हशी वाहून गेलेल्या, रानात मीठ. जुलै हातचा गेला की पुढच्या वर्षाचे अन्न गेले.

समुद्रात मात्र साधने उभी होती. अमेरिकेच्या ‘एसेक्स’ नौकेचा ताफा हेलिकॉप्टर आणि थेट किनाऱ्याला लागणाऱ्या नौका घेऊन थांबला होता, फ्रान्सची ‘मिस्त्राल’ सुमारे हजार टन मदतसामग्री घेऊन. यांगूनचा गळा टाळून सरळ खाडीत उतरण्याची क्षमता त्या भागात यांच्याकडेच होती. अमेरिकेने निदान 15 वेळा परवानगी मागितली आणि 5 जूनला ताफा परत फिरला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बर्नार कूशनेर यांनी परवानगी नसली तरी मदत आत न्यावी अशी भाषा केली, आणि आक्रमणाच्या भीतीने आधीच राजधानी आत नेपिडोला हलवलेल्या सेनापतींचा संशय त्याने वाढला. निर्बंध लादणाऱ्या देशाची युद्धनौका दारात पाहून कोणतीही राजवट बिचकेल. पण बिचकलेल्या राजवटीपुढे आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, संयुक्त राष्ट्रांचा मार्ग तेव्हाही मोकळा होता. तो तिने तीन आठवडे वापरला नाही.

भारताला वाट तुलनेने लवकर मिळाली. ‘आयएनएस राणा’ आणि ‘आयएनएस किरपान’ या नौका आणि हवाई दलाची विमाने मदत घेऊन गेली, नंतर लष्करी डॉक्टरांचे पथकही. जाहीर दटावणी न करता शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलण्याचा हा उपयोग मान्य केला पाहिजे.

कोंडी फुटली ती 23 मेला. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांचे फोन थान श्वे घेत नव्हते. शेवटी ते स्वतः नेपिडोला गेले आणि सर्व मदत कर्मचाऱ्यांना आत सोडण्याचे कबूल करून घेतले. त्यानंतर आसियान, संयुक्त राष्ट्रे आणि म्यानमार सरकार यांचा त्रिपक्षीय गट बसला. व्हिसाची मुदतवाढ, प्रवासाचे परवाने, नुकसानीची मोजणी एका टेबलावर आली. हा गट पहिल्याच आठवड्यात बसवता आला असता. त्या दरम्यान सरकारने शाळा आणि मठांत आसऱ्याला आलेल्यांना बाहेर काढायला सुरुवात केली, कारण 2 जूनला शाळा उघडायच्या होत्या.

पैशाची गळती तर बातम्यांत क्वचितच येते. परदेशी संस्थांना डॉलर सरकारी बँकेत देऊन ‘विदेशी चलन प्रमाणपत्रे’ घ्यावी लागत. कागदावर एक प्रमाणपत्र म्हणजे एक डॉलर. पण मजुरी, होडीभाडे, तांदूळ यांसाठी क्याट हे म्यानमारचे चलन लागते आणि बाजारात प्रमाणपत्राला डॉलरपेक्षा बरेच कमी क्याट मिळत. मधला फरक मदतीतून गळत गेला. संयुक्त राष्ट्रांनी जुलैत या मार्गाने सुमारे 1 कोटी डॉलर गेल्याचे मान्य केले. यात कुणी ट्रक अडवला नाही, कुणी गोदाम फोडले नाही. म्हणूनच अशी गळती पकडायला अवघड.

साथीच्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंची भाकीत केलेली मोठी दुसरी लाट आली नाही, हे खरे. त्यावरून अडवणुकीने फारसे बिघडले नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आमचा ठाम विरोध आहे. लाट थोपवली ती आधीपासून देशात असलेल्या संघटनांच्या बर्मी कर्मचाऱ्यांनी, भिक्षूंनी आणि स्वतःच्या गाडीत तांदूळ भरून निघालेल्या यांगूनच्या नागरिकांनी. त्यांनाही नाक्यांवर अडवले गेले. ही मदत संघटित करणारे विनोदी कलावंत झरगनार यांना जूनमध्ये अटक झाली आणि पुढे दीर्घ मुदतीची शिक्षा ठोठावण्यात आली.

मे 2023 मध्ये मोखा वादळ म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरील रखाइन राज्यात सित्त्वेजवळ आदळले. 8 जूनला लष्करी राजवटीने तिथल्या मदतीसाठीचे प्रवास परवाने थांबवले; फटका सर्वांत जास्त बसला तो छावण्यांत डांबलेल्या रोहिंग्यांना. 28 मार्च 2025 च्या 7.7 तीव्रतेच्या भूकंपानंतर जनरल मिन आँग लाइंग यांनी जगाकडे मदत मागितली, ही नवी गोष्ट होती. लोकमान्यांमुळे मराठी माणसाला परिचित असलेले मंडाले त्यात उद्ध्वस्त झाले. भारताच्या ‘ऑपरेशन ब्रह्मा’चे पहिले विमान दुसऱ्याच दिवशी उतरले, मंडालेत लष्करी रुग्णालय उभे राहिले. नदीपलीकडच्या सगाइंगची अवस्था वेगळी. जुना आवा पूल कोसळलेला, वाटेत नाके, आजूबाजूचा बराच मुलूख लष्कराशी लढणाऱ्या बंडखोरांच्या हाती. भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले चालूच होते. 1 एप्रिलच्या रात्री चीनच्या रेडक्रॉसच्या नऊ गाड्यांच्या ताफ्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या. थांबवण्यासाठी इशारा म्हणून झाडल्या, असे राजवटीनेच सांगितले. त्यानंतर कुठे 2 एप्रिलला शस्त्रसंधी जाहीर झाली. ढिगाऱ्याखालचा माणूस जिवंत सापडण्याची शक्यता तिसऱ्या दिवसानंतर झपाट्याने घटते, हे बचावकामातला प्रत्येक जण जाणतो.

भारतानेही 2004 च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत घेतली नाही, असा प्रतिवाद होईल. फरक असा की तेव्हा आपण स्वतःच्या ताकदीने काम केले, श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला नौका पाठवल्या, आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर स्वयंसेवी संस्था उघडपणे काम करत होत्या, पत्रकार फिरत होते. मदत नाकारणाऱ्याकडे स्वतः ती पुरवण्याची ऐपत आहे का आणि तो इतरांना पाहू देतो का, हेच तपासायचे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की म्यानमारविषयीच्या पुढच्या बातमीत किती टन माल उतरला एवढेच न छापता तो शेवटच्या धक्क्यावरून किती हलला, वाटणाऱ्यांना प्रवासाचा परवाना किती दिवसांचा आहे, पैसे कोणत्या दराने बदलले जातात आणि लष्कराच्या ताब्याबाहेरच्या गावांना काय मिळाले, हेही विचारावे. आणि परराष्ट्र खात्याकडे एक प्रश्न लावून धरावा. बंगालच्या उपसागरातल्या वादळांची सूचना आपले हवामान खाते म्यानमारला देतेच. मग एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या वादळी महिन्यांपूर्वी, मदत पथकांचे व्हिसा, वायरलेस संच, होड्यांचे डिझेल आणि सित्त्वे बंदरात माल उतरवणे यांविषयी दोन्ही देशांत आगाऊ लेखी समझोता का केला जात नाही? सित्त्वेचे ते बंदर भारताच्याच पैशाने बांधले गेले आहे.

आपले,
आपत्ती-मदत वाटपाच्या कामातील काही जण, पुणे