कंदीलपुष्प पाहायला जाण्याआधी

सभासदहो, रविवारी पहाटे सहाला निघायचे आहे. त्याआधी एवढे वाचाच.

कंदीलपुष्पाचा, म्हणजे खर्चुडीचा, नाजूक वेल रानाच्या कडेच्या झुडपांवर चढतो, म्हणून वाट करण्यासाठी फांद्या मोडू नका. फूल वाकून, हात न लावता पाहा: तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, टोकाला पाकळ्या जुळून झालेला छोटासा कंदील. नळीत खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली चिमुकली माशी आत अडकते आणि केस कोमेजले की पराग घेऊन सुटते. मुलांना आतली माशी दाखवायलाही फूल फाडायचे नाही.

कंद खाण्यासाठी उकरले जातात, झुडपे तोडली जातात, त्यात वणवे. सह्याद्रीतल्या खर्चुडीच्या कित्येक जाती मोजक्याच जागी उरल्यात. फोटो खुशाल काढा, पण मोबाइलचे लोकेशन बंद ठेवून. जागेचे नाव गटाबाहेर जाता कामा नये. गेल्या पावसाळ्यात फुललेल्या वेलाच्या जागी आठवड्याने नुसता खड्डा दिसला, तेव्हापासून मी याबाबत हट्टी आहे.

वेलापाशी एका वेळी चौघेच जातील. बाकीच्यांनी पायवाटेवरच थांबावे.