गिनी फाऊलची पिल्लं आणि संध्याकाळचा डबा

तीर्थरूप आई-बाबांना शुभाचा साष्टांग नमस्कार.

दादा उद्या पहाटे निघतोय, त्याच्याबरोबर गिनी फाऊलची, म्हणजे त्या ठिपक्यांच्या कोंबडीसारख्या पाखरांची, पिल्लं पाठवतेय. फोनवर सांगितलंच आहे सगळं, पण बाबा अर्धंच ऐकतात आणि आई तेवढ्यात दूध उतू जातंय म्हणून पळते. म्हणून लिहूनच देते.

पिल्लं दीड महिन्याची आहेत. आल्या आल्या खुराड्यात सोडा आणि अजून दीड महिना बाहेर काढू नका. ओरडतील, जाळीला धडका देतील, शेजारचे विचारायला येतील. तरी नाही. गावठी कोंबडी चार दिवसांत घर ओळखते, यांचं तसं नसतं. ही जात मूळची आफ्रिकेतली, दिवसभर रानात चरायचं आणि रात्री थव्याने झाडावर बसायचं, ही तिची रीत. मोकळी सोडली की फणसावर जाणारच, आणि एकदा का फणसाची सवय लागली की मोडणं फार जड जातं. झाडावर घुबड येतं, रानमांजर चढतं, पावसात पिसं भिजून गारठतात ते वेगळंच.

खुराड्यात आडवा बांबू छातीएवढ्या उंचीवर बांधा. गोठ्याकडचं जुनं खुराडं चालेल, पण त्याचं दार लहान आहे, ते मोठं करून घ्या. कोंबड्यांसारखी ही एकामागून एक आत जात नाहीत. सगळी एकदम घुसतात, आणि दारात अडकली की बिथरून उलटी पळतात. आत एक बारीकसा बल्ब लावा. अंधाऱ्या जागेत ही पाय ठेवत नाहीत, बाहेर उजेड आणि आत काळोख असेल तर दारातच घोटाळत राहतात. सगळी दांडीवर बसली की मग दिवा मालवा.

आता आईचं काम. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पत्र्याच्या डब्यात राळे घालून तो खुळखुळवायचा, एकच हाक मारायची आणि मूठभर दाणे आत टाकायचे. राळे नसतील तर बाजरी. हे कोंडलेल्या दिवसांतही चुकवायचं नाही. डबा वाजला की धावत यायचं, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसू दे. हाक आईनेच मारावी. बाबांनी आणि गड्याने आलटून पालटून वेगवेगळे आवाज काढू नयेत.

सोडायचा दिवस येईल तेव्हा सगळी एकदम सोडू नका. दोन-तीनच, आणि तीही मावळतीच्या तासभर आधी, दुपारचं खाणं न देता. बाकीची आत असली की बाहेरची लांब जात नाहीत. एकमेकांच्या आवाजाचा त्यांना फार आधार असतो, एकटं पडलेलं पिल्लू तर गाव गोळा करतं. उपाशी असली की डबा वाजताच आत येतात. आठवडाभर हे जमलं की आणखी दोन-तीन सोडा, मग सगळी. पुढेही संध्याकाळचं खाणं खुराड्यातच द्यायचं, अंगणात एक दाणा टाकायचा नाही. आई, तुझा हात सैल आहे म्हणून मुद्दाम लिहितेय.

हाक दिवेलागणीच्या अर्धा तास तरी आधी मारा. अंधार पडला की यांना नीट दिसत नाही, मग जिथे असतील तिथलं झाड धरतात. एखादं वर राहिलंच तर राहू द्या. बाबा, काठी घेऊन मागे लागायचं नाही आणि शिडी तर मुळीच लावायची नाही. हाकललं की आंधळ्यासारखी कुठेही उडतात, आणि तुमच्या गुडघ्यांचं मी वेगळं सांगायला नको. सकाळी ते आपणहून खाली उतरतं. त्या दिवशी त्याला आतच ठेवा.

बाबांनी विचारलं होतं की यात जाती असतात का. उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशी नावं दिली आहेत. आपली करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली, कादंबरीसारखी. नर-मादी आत्ता ओळखू येणार नाहीत. मोठी झाली की मादी दोन तुकड्यांत ओरडते, नर एकाच सुरात. शेजारच्या काकूंना मात्र आधीच सांगून ठेवा, कारण अनोळखी माणूस, कुत्रं, साप, काहीही दिसलं की ही सगळी मिळून कल्ला करतात. गोठ्याभोवतीचे किडे आणि गोचीड वेचतील, तेवढं काकूंना आमिष दाखवा.

अंडी सुरू झाली की ही झुडपात आडोसा शोधून घालतात. त्याचं पुढच्या उन्हाळ्याआधी लिहीन.

क्रेट माझा नाही, मागून आणलाय. धुऊन दादाबरोबर परत पाठवा, आणि त्यात कोकमं ठेवलीत तर हरकत नाही.

तुमची,
शुभा