कॅमेलिया विकताना माती-पाण्याचेही सांगावे

महोदय,

थंडी सुरू झाली की पुण्यातील काही रोपवाटिकांत आणि ऑनलाइन विक्रीत कळ्यांनी लगडलेली कॅमेलियाची रोपे दिसू लागतात. गुलाबासारखे भरगच्च फूल आणि काटा मात्र एकही नाही, त्यामुळे लोक किंमत न पाहता ती उचलतात. ‘अर्ध्या उन्हात ठेवा, रोज पाणी द्या’ एवढेच विक्रेता सांगतो आणि नेमके महत्त्वाचे तेवढे सांगायचे राहते.

कॅमेलिया हे चहाचे सख्खे भावंड आहे. आपण पितो तो चहा कॅमेलिया सायनेन्सिसच्या पानांचा, तर फुलांसाठी प्रामुख्याने लावतात तो चीन, जपान व कोरियातला कॅमेलिया जपोनिका. दोघांनाही आम्लधर्मी, भुसभुशीत आणि उत्तम निचऱ्याची माती लागते. कॅमेलियासाठी मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी) साधारण ५.५ ते ६.५ असावा, आणि आपल्याकडची चुनखडीयुक्त काळी माती तर बहुधा ७.५ च्याही वर असते. अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पाहून घरचे लोक पाणी वाढवतात किंवा मूठभर युरिया टाकतात. दुखणे मात्र तसेच राहते आणि मुळे कुजण्याची किंवा करपण्याची भर पडते.

कोकोपीट व पानांचे कुजलेले खत घालून कुंडी नीट भरली तरी पाण्याचा प्रश्न उरतोच. बोअरचे जड पाणी दर वेळी थोडा चुना सोडून जाते आणि काही महिन्यांत चांगली मातीही बिघडते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे वाया पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत घरोघरी आहे. पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असल्यामुळे ते या झाडाला मुळीच घालू नये. राख आणि अंड्याची टरफलेही इतर कुंड्यांसाठीच ठेवावीत. शक्य तेवढे पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम.

कॅमेलियाच्या कळ्या फुलण्याच्या कित्येक महिने आधी, नव्या फुटव्यांवर धरतात. म्हणजे थंड प्रदेशातून आलेल्या रोपावर आपण विकत घेतो त्या कळ्या तिथेच धरलेल्या असतात. पहिल्या वर्षीचे फूल ही डोंगराची पुण्याई. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी. छाटणी करायची तर बहर संपताच करावी, पावसाळ्याअखेरीस केली तर येणारा बहरच कापला जातो. कळ्या धरल्यावर माती एकदाही कोरडीठाक पडू देऊ नये, नाहीतर कळ्या न उमलताच गळतात. मुळे वरवरची असल्याने खोड पूर्वीपेक्षा खोल गाडू नये. वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, पण ते खोडाला भिडू देऊ नये. सकाळचे कोवळे ऊन पुरते. एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी हवीच, आणि कुंडी तापलेल्या गच्चीवर न ठेवता विटांवर ठेवावी.

एवढे करूनही मुंबईच्या दमट उकाड्यात जपोनिका घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात हौस असेलच तर ऊन जास्त सोसणारा कॅमेलिया सासान्क्वा, म्हणजे कॅमेलियाचीच दुसरी जात, मागावा. महाबळेश्वर, आंबोलीकडे जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने निदान जमीन तरी आडवी येणार नाही. तिथल्या धुवाधार पावसात निचऱ्याची काळजी मात्र घ्यावी लागेल.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झ येथे १८०१ साली लावलेले कॅमेलियाचे झाड आजही फुलते. हिवाळ्यात त्याच्यावर काचेचे घर सरकवून आणतात. इतक्या दीर्घायुषी झाडाला आपल्याकडे शेवंतीच्या कुंडीसारखे हंगामी करून विकले जाते, हे खटकते. रोपवाटिकांनी प्रत्येक कॅमेलियावर जातीचे नाव, रोप कुठे वाढवले ते ठिकाण आणि मातीचा आवश्यक सामू लिहिलेली मराठी चिठ्ठी लावावी, एवढीच विनंती आहे. ग्राहकांनीही पैसे देण्याआधी ती मागून घ्यावी.

— एक बागप्रेमी वाचक, पुणे