बाबा, मी नक्की काय बनवते ते सांगते

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की पोरगी काय काम करते असं कोणी विचारलं की मला नीट सांगताच येत नाही, आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हटलं आता निवांत लिहूनच पाठवते. आईला वाचून दाखवा, ती मधेच प्रश्न विचारेल तेव्हा थांबा.

बाबा, तुम्ही तांडेल होतात तेव्हा बोटीवर जो फिश फाइंडर होता तो सोनारच, म्हणजे प्रतिध्वनीवरून शोध घेणारं यंत्र, आणि मी पण तेच बनवते. खाली आवाज सोडायचा, तो तळावर नाहीतर माशांच्या थव्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की खोली कळली. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, हवेत 340 च्या आसपास. माझं काम हवेतलं. ड्रोन आणि रोबोट धुरात, धुळीत, अंधारात गेले की कॅमेऱ्याला काही दिसत नाही, तिथे त्यांना ऐकून वाट काढता यावी म्हणून. आणि हे आम्ही शिकतोय पाकोळ्यांकडून, म्हणजे छोट्या वटवाघळांकडून. झाडावर लटकणारी मोठी वटवाघळं नव्हेत हं, ती फळं खातात आणि डोळ्यांनीच बघतात. मी म्हणते त्या आपल्या माळ्यावरच्या छोट्या, किडे खाणाऱ्या.

ही कल्पना जुनी आहे. 1912 ला टायटॅनिक बुडाली तेव्हा हायरम मॅक्सिम नावाच्या इंजिनिअरने सुचवलं होतं की वटवाघळासारखं यंत्र जहाजावर लावा म्हणजे हिमनग आधीच कळेल. पण पाकोळी खरंच माणसाला ऐकू न येणारा आवाज काढते हे कळायला 1938 उजाडलं, हार्वर्डच्या डोनाल्ड ग्रिफिनने ते मशीनवर पकडलं.

मी ज्या जातीवर काम करते तिच्या नाकावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा कातडीचा पडदा असतो, आवाज नाकातून निघतो आणि तो पडदा त्याला दिशा देतो. युरोपातल्या मोठ्या जातीचा आवाज 80 हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आपल्याला 20 हजाराच्या वरचं ऐकूच येत नाही. एवढ्या चढ्या सुराच्या आवाजाची एकेक लाट हवेत जेमतेम 4 मिलिमीटर लांब, म्हणून छोट्या किड्यावरून पण प्रतिध्वनी येतो, पण तो हवेत लगेच विरतो, त्यामुळे सगळा खेळ काही मीटरचाच. त्यातून ती उडत पुढे गेली की प्रतिध्वनीचा सूर चढतो, मग ती स्वतःचा सूर तेवढाच उतरवते म्हणजे परत येणारा आवाज बरोब्बर तिच्या कानाला सगळ्यात चांगलं ऐकू येतं तिथेच पडतो. किती हुशारी आहे बघा ना!

आणि तिचे कान! बाबा, हल्ली तुम्ही ऐकताना कानामागे हात धरता ना, तसं ती हाताशिवाय करते, सेकंदाच्या दहाव्या भागात अख्ख्या कानाचा आकार बदलते. माझ्या टेबलावर तसा एक सिलिकॉनचा कान आहे, दोरा आणि छोटी मोटर लावून तो वळवते, समोर फायकसची कुंडी. कान स्थिर ठेवला तर शेकडो पानांवरून आलेला नुसता गोंधळ ऐकू येतो. हलवला की त्याच आवाजात दिशेची खूण उतरते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या रॉल्फ म्यूलर आणि शियाओयान यिन यांनी 2021 मध्ये अशा एकाच हलत्या कानाने आवाजाची दिशा अर्ध्या अंशाच्या आत ओळखून दाखवली. एक कान! नाहीतर लोक मायक्रोफोनवर मायक्रोफोन लावत बसतात. मला अगदी मनापासून वाटतं की पुढचा रस्ता हाच, थोडंच पण नीट ऐकायचं.

आई, कौलं काढायच्या वेळी माळ्यावर धुरी करू नकोस गं. अपशकुन वगैरे काही नसतं, त्या पाकोळ्या रात्रभर किडेच खातात. अगदीच नको असतील तर पिल्लं उडायला लागू दे, मग संध्याकाळी सगळ्या बाहेर पडल्या की फट बुजवा. उघड्या हाताने मात्र कोणी धरू नका, चावल्या तर लगेच डॉक्टरकडे जा.

आणि बाबा, एक काम आहे. तळाला चिकटून बसलेला थवा आणि नुसता चिखल हे तुम्ही स्क्रीनवर वेगळं कसं ओळखायचात ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा, सावकाश, जमेल तसं. माझं पानांचं आणि किड्याचं भांडण अगदी तेच आहे आणि पुस्तकात ते कोणी लिहिलेलं नाही.

तुमची,
ताई