गॅस गिझर बसवताय तर धुराचा पाईपही बसवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

थंडी पडली की बेळगावात गिझर घ्यायला गर्दी होतेय, आणि लाईट जाण्याला कंटाळून हल्ली बरेच जण गॅस गिझरच घेतायत. घ्या, त्याला हरकत नाही. पण तो बसवतात कसा ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या शहापुरात शेजारी नवीन गिझर आला. दुकानाच्या माणसानं भिंतीला भोकं मारली, पाण्याचे पाईप जोडले, रेग्युलेटर लावला आणि निघाला. गिझरच्या डोक्यावर धूर बाहेर जायची गोल कॉलर असते, ती तशीच उघडी. विचारलं तर म्हणतो पाईप वेगळा घ्यावा लागतोय, इकडं कोण लावत नाहीत, काय होत नाही. बाथरूमला खिडकी नाही हे त्यानं बघितलं होतं हो, तरी असं बोलला!

काय होत नाही कसं? एक भाग गॅस नीट जळायला 25 ते 30 भाग हवा लागतेय. दार लावलेल्या छोट्या बाथरूममध्ये हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. सिलिंडरच्या गॅसला लीक कळावा म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं वास नाही म्हणजे सगळं ठीक. पण हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं बळ जातं आणि माणूस कडी न काढताच आत पडतो. घरचे म्हणतात फिट आली, पित्त झालं, बीपी कमी झालं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर तोही 98 दाखवू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यातला फरक कळत नाही. अशा वेळी गॅस बंद करून दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच 108 ला फोन करा, ऑक्सिमीटर बघत बसू नका.

आपल्या आज्जीच्या तांब्याच्या बंबाला सुद्धा मधोमध धुराची नळी होती आणि तो बहुतेक परसातच पेटवायचे. मग आता एवढे पैसे घालून घेतलेल्या गिझरला पाईप नको कसा?

शेवटी शेजाऱ्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावलं. आमच्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत घरं एकाला एक चिकटलेली, तीन बाजूंनी दुसऱ्याची भिंत, त्यामुळे पाईप काढायचा तर वर कौलातूनच. त्यानं एक कौल काढून तिथं भोक पाडलेला पत्रा बसवला, वरची कड वरच्या कौलाखाली सरकवली म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही, आणि वासे, रिपा पाईपपासून चांगल्या वीतभर लांब ठेवल्या. लाकूड तापून चालत नाही. पाईप कॉलरच्याच मापाचा, कुठं बारीक केला नाही. गिझरवरनं आधी सरळ वर नेला, मग बाक दिला, आणि आडवा तुकडा बाहेरच्या बाजूला चढता ठेवला, कारण गरम धूर वरच पळतो, उतार उलटा पडला तर तो माघारी आत येतो. एल्बो जितके कमी तितकं बरं. जॉइंटला स्क्रू मारले, वर टोपी लावली, नाहीतर पावसाळ्यात पाणी आणि एरवी पाखरांचं घरटं. आणि हे सगळं धातूचं हं, प्लंबरकडं उरलेला पीव्हीसी पाईप चालत नाही, तो उष्णतेनं मऊ पडतो. पंखावाला, म्हणजे आतल्या पंख्यानं धूर बाहेर ढकलणारा गिझर असेल तर त्याचा पाईप वेगळ्या पद्धतीनं जातो, त्याच्या पुस्तकात दिलंय तसंच करा.

बसवून झाल्यावर त्यानं गिझर चालू करून कॉलरजवळ उदबत्ती धरली. धूर आत ओढला गेला. मग बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावला तर तोच धूर आपल्याकडं यायला लागला, म्हणजे फॅन पाईपमधनंच हवा खाली खेचत होता. आता तो फॅन काढलाय आणि दाराला खाली-वर जाळी बसवलीय.

ज्या गिझरला कॉलरच नाही त्याला पाईप जोडताच येत नाही, म्हणून तो बाथरूममध्ये लावूच नका. मागच्या अंगणात नाहीतर उघड्या गॅलरीत बसवा आणि गरम पाण्याची लाईन तेवढी आत घ्या. फ्लॅटवाल्यांनी पाईप डक्टमध्ये सोडताना वरच्या मजल्याची खिडकी त्याच्यावर उघडत नाही ना, ते बघावं.

संपादक साहेब, दुकानदारांना माझी विनंती आहे की गिझर विकताना बाथरूम कसं आहे ते विचारा, पाईप आणि फिटिंग धरूनच किंमत सांगा. महापालिकेनंही नवीन घराच्या प्लॅनला मंजुरी देताना बाथरूमला बाहेरची खिडकी आहे की नाही ते खरंच जाऊन बघावं. आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरात गॅस गिझर असलेल्यांनी आज जाऊन त्याच्या डोक्यावर पाईप आहे का बघा. नसेल तर बसवेपर्यंत दार उघडं ठेवून बादलीत पाणी भरून घ्या, तोवर आपण बाहेर थांबा, गिझर बंद करा आणि मग आत जाऊन आंघोळ करा.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव